‘प्रश्न आहेत का कुणाला?’

फार्मसी कॉलेजांतले सेमिनार, ‘आविष्कार’ची पोस्टरं आणि फार्मसी वीकची धमाल. सर्टिफिकेट सोडून यातून तुमच्या हाती काय लागतं? आणि लांज्यासारख्या तालुक्यात राहून संशोधन करता येतं का?

ग्रुपवर मेसेज पडतो, ‘उद्या सकाळी दहाला सेमिनार. अटेंडन्स कंपल्सरी. ई-सर्टिफिकेट मिळेल.’ शेवटचं वाक्य वाचून निम्मा वर्ग तयार होतो. पुढचं सगळं तुम्हाला पाठ आहे. दीपप्रज्वलन, पाहुण्यांना रोपटं, पाहुण्यांचा दोन पानी परिचय आणि मग बारीक अक्षरांच्या साठ स्लाइड्स. मागच्या बाकावर रील्स चालू. शेवटी पाहुणे पाण्याचा घोट घेतात आणि विचारतात, ‘प्रश्न आहेत का कुणाला?’ हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज. सर पहिल्या रांगेतल्या टॉपरकडे बघतात, टॉपर वहीकडे बघते. आभारप्रदर्शन, समोसा, फीडबॅक फॉर्म. संपलं!

इतर कॉलेजांत हे चालून जात असेल. फार्मसीच्या कॉलेजात मात्र ही शांतता महागात पडते. तिथे ज्या वस्तूबद्दल बोलणं चाललेलं असतं, ती उद्या कुणाच्या तरी पोटात जाणार असते. तुमच्या आजीच्या, शेजारच्या काकांच्या किंवा तुमच्या स्वतःच्याच.

मी मास कॉमची. फार्मसीशी माझा संबंध मेडिकलमधून घरच्यांच्या गोळ्या आणण्यापुरता. पण या विषयावर वाचायला लागले, तसं लक्षात येत गेलं की औषधांच्या जगातल्या कितीतरी मोठ्या गोष्टी कुणालातरी पडलेल्या साध्या प्रश्नापासून सुरू झाल्यात. आणि त्यातल्या काही तर आपल्याच हायवेवर आणि आपल्याच डोंगरात घडल्यात.

आधी समजून घेऊ, असतं काय काय?

लांज्यातून बारावी सायन्स करून फार्मसीला जायचं तर पर्याय फार लांब नाहीत. चिपळूणच्या बाजूला सावर्डे, देवरुखजवळ साडवली, खाली सिंधुदुर्गात कणकवली आणि सावंतवाडी. दोन वर्षांचं डी. फार्म., चार वर्षांचं बी. फार्म., त्यापुढे एम. फार्म. किंवा सहा वर्षांचं फार्म. डी. यातलं काहीही निवडलंत तरी सेमिनार तुमचा पिच्छा सोडत नाही. बी. फार्म.च्या शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्ट असतो. एम. फार्म.ला तर सेमिनार आणि जर्नल क्लब अभ्यासक्रमातच आहेत, मार्कांसकट.

जर्नल क्लब म्हणजे काय ते इतरांसाठी सांगते. छापून आलेला एक शोधनिबंध घ्यायचा आणि सगळ्यांनी मिळून त्याची चिरफाड करायची. पेशंट किती होते? तुलना कशाशी केली? पैसे कुणी दिले? निष्कर्ष खरंच त्या आकड्यांतून निघतो का? थोडक्यात, ‘छापलंय म्हणजे खरं’ ही सवय मोडायचा तास. खरं तर हा तास आमच्या मास कॉमलाही हवा.

मग येतो ‘आविष्कार’. राज्यातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा २००६ मध्ये सुरू झाली. आधी आपल्या विद्यापीठात निवड, मग राज्य पातळी. भाषांपासून शेतीपर्यंत वेगवेगळे विभाग असतात, त्यात ‘मेडिसिन अँड फार्मसी’ हा स्वतंत्र विभाग. पदवीचे, पदव्युत्तर आणि पीएच. डी.चे विद्यार्थी आपापल्या गटात उतरतात. म्हणजे सेकंड इयरच्या मुलीला पीएच. डी.वाल्या दादाशी टक्कर द्यावी लागत नाही. पोस्टर किंवा मॉडेल घेऊन उभं राहायचं, परीक्षक येतात, प्रश्न विचारतात. तिथे टिकलात की पुढे.

याशिवाय वर्षभरात दोन तारखा ठरलेल्या. २५ सप्टेंबरला जागतिक फार्मासिस्ट दिन. फार्मासिस्टांची जागतिक संघटना १९१२ मध्ये याच तारखेला स्थापन झाली म्हणून २००९ मध्ये हा दिवस ठरवला गेला. आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नॅशनल फार्मसी वीक. रांगोळी, रॅली, पथनाट्य, क्विझ, पोस्टर स्पर्धा, सगळा माहोल याच आठवड्यात.

यादी मोठी आहे. पण या सगळ्याचा उपयोग काय, हे समजायला आपण जरा मुंबईच्या दिशेने जाऊ. फार लांब नाही, महाडपर्यंत.

बिरवाडीतला प्रश्न

लांज्यात विंचू कुणी पाहिला नाही असं घर विरळा. जांभ्याच्या चिऱ्यांचा ढीग हलवताना, पावसाळ्याआधी लाकडं रचताना हात जपूनच घालायचा, हे आपल्याला लहानपणापासून बजावलेलं असतं. कोकणातला लाल विंचू तर जिवावर उठणारा. एकेकाळी त्याच्या दंशाने दवाखान्यात आलेल्या पेशंटांपैकी शंभरातले तीस-चाळीस दगावत, त्यात लहान मुलं पुष्कळ. उपचार ठरलेला नव्हता. पुस्तकातही धड काही नव्हतं.

१९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले. डॉ. हिंमतराव बावस्कर, मूळचे जालना जिल्ह्यातले. मोठी लॅब नाही, आयसीयू नाही. त्यांनी एक काम केलं. विंचू चावलेल्या पेशंटच्या उशाशी बसले आणि नोंदी ठेवल्या. घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले, नाडी कशी आहे, बीपी किती, श्वास कधी लागला. या नोंदींतून दिसलं की हा नुसता वेदनेचा मामला नाही. विषामुळे हृदयावर भयंकर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरतं. हे निरीक्षण १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या जगातल्या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पत्ता रायगड जिल्ह्यातला!

मग पुढचा प्रश्न. विषाने शरीरात जे होतं, त्याच्या बरोबर उलट काम करणारं औषध आधीपासून बाजारात आहे का? होतं. ‘प्राझोसिन’ नावाची ब्लडप्रेशरची साधी गोळी. ती वापरली आणि मृत्यूंचं प्रमाण अगदी खाली आलं. नवीन रेणू शोधला नाही, नवीन कारखाना उभारला नाही. जुन्या औषधाला नवीन काम दिलं. फार्मसीच्या भाषेत याला ‘ड्रग रीपर्पजिंग’ म्हणतात आणि यावर आज मोठमोठे सेमिनार होतात.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट याच्याही पुढची वाटते. प्राझोसिनमुळे डॉक्टरांचं नाव झालं होतं. आता गप्प बसता आलं असतं. पण २०११ मध्ये त्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये महाडच्या ७० पेशंटांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना एकटं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिनबरोबर विंचवाच्या विषावरचं अँटीव्हेनम. दोन्ही मिळालेले पेशंट लवकर बरे झाले. म्हणजे ज्या औषधाने नाव दिलं, त्यालाच त्यांनी पुन्हा परीक्षेला बसवलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता सांगा, ‘आमच्याकडे फॅसिलिटी नाही’ हे वाक्य पुढच्या वेळी म्हणताना जरा जड जाईल की नाही?

नंदुरबारचा मुलगा आणि आपल्या डोंगरातलं झाड

दुसरी गोष्ट सह्याद्रीतली. लांज्याच्या पूर्वेला माचाळ, त्याच्या पलीकडे विशाळगड. या सह्याद्रीच्या रानांत एक झाड मिळतं, नरक्या. नाव असं की कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही. फुलांना दुर्गंध येतो म्हणून हे नाव पडलं असं म्हणतात.

आता जरा अमेरिकेत चला. नंदुरबारमध्ये १९२५ मध्ये जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले, पुढे अमेरिकेत पीएच. डी. केली आणि तिथल्याच एका संशोधन संस्थेत मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. १९६६ मध्ये या जोडीने एका चिनी झाडापासून कॅम्प्टोथेसिन नावाचा पदार्थ वेगळा काढल्याचं जाहीर केलं. १९७१ मध्ये दुसऱ्या एका झाडाच्या सालीतून टॅक्सॉल. हे दोन्ही आज कॅन्सरच्या उपचारांतली मोठी नावं आहेत. टॅक्सॉलला अमेरिकेत मंजुरी मिळाली १९९२ मध्ये, म्हणजे शोधनिबंधानंतर एकवीस वर्षांनी. कॅम्प्टोथेसिनचं दुखणं वेगळं होतं. ते पाण्यात धड विरघळत नव्हतं आणि त्याचे दुष्परिणामही फार. मग त्याच्या रेणूत फेरफार करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं बनली, ती बाजारात आली १९९६ मध्ये. फार्मास्युटिक्सच्या लेक्चरला ‘सोल्युबिलिटी’ हा शब्द ऐकून झोप येत असेल, तर ही तीस वर्षं आठवा. औषध सापडलेलं होतं, विरघळत नव्हतं म्हणून अडलं.

आणि नरक्या? १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की आपल्या नरक्यातही कॅम्प्टोथेसिन आहे, तेही चांगल्या प्रमाणात. ही आनंदाची बातमी झाडाला मात्र बाधली. परदेशात मागणी वाढली आणि सह्याद्रीतला नरक्या तोडून, त्याचे तुकडे पोत्यात भरून बाहेर जाऊ लागला. तोडणाऱ्याच्या हाती मजुरी, झाडाचा खुंटा जागेवर. आज तो धोक्यात आलेल्या झाडांत मोजला जातो.

म्हणून वनस्पतींवर प्रोजेक्ट करणाऱ्यांनो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. पोस्टरवर दुर्मीळ झाडाचा फोटो टाकताना नेमकी जागा टाकू नका. फोनमधला फोटो लोकेशनसकट जातो, तेही बघा. प्रोजेक्टसाठी मुळासकट उपटण्याआधी पानांवर काम भागतंय का ते पाहा. गावात जैवविविधता समिती असेल तर तिला सांगा. आणि ज्या आजीने किंवा गुराख्याने झाड दाखवलं, त्यांना विचारून त्यांचं नाव पोस्टरवर घ्या. ‘लोकल इन्फॉर्मंट’ हे काही कुणाचं नाव नाही.

हळद जिंकली ती कागदामुळे

‘हे तर आमच्या आजीला पण माहीत होतं.’ वनस्पतींच्या सेमिनारमध्ये हे वाक्य हमखास येतं. माहीत होतं हे खरं. पण लिहून ठेवलं होतं का?

१९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम बरी होते यावर चक्क पेटंट दिलं गेलं. आपल्याकडे गुडघा फुटला की हळद चेपतात, हे अमेरिकेच्या पेटंट ऑफिसला तोंडी सांगून चालणार नव्हतं. त्यांना छापील पुरावा हवा होता. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा ‘सीएसआयआर’चे प्रमुख होते. ते मूळचे गोव्यातल्या माशेलचे आणि शिकले मुंबई विद्यापीठाच्या माटुंग्यातल्या यूडीसीटीत, जिला आज आपण आयसीटी म्हणतो. त्यांच्या संस्थेने जुने संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथ आणि शोधनिबंध गोळा केले. त्यात १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला एक निबंधही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं.

आता १९५३ च्या त्या लेखकांचा विचार करा. आपण लिहिलेली पानं चाळीस वर्षांनी कामी येतील, असं त्यांच्या स्वप्नातही नसेल. तुमचा छोटासा प्रोजेक्ट रिपोर्टही कुठे कामी येईल सांगता येत नाही. म्हणून तो आदल्या रात्री सीनियरच्या पेन ड्राइव्हमधून उचलू नका, एवढंच म्हणणं आहे.

विषय मिळत नाही? घरातल्या डब्यात बघा

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. विषय मिळत नाही. मग इंटरनेटवरून ‘नॅनो’ने सुरू होणारं एखादं टायटल उचललं जातं, ज्याचं यंत्र दोनशे किलोमीटरच्या परिघात नसतं. त्यापेक्षा उठा आणि घरातला औषधांचा डबा उघडा.

आपल्याकडे बहुतेक घरांत गणपतीला आलेला चाकरमानी जाताना आईवडिलांची तीन-चार महिन्यांची औषधं भरून ठेवतो. बीपीची, शुगरची, रक्त पातळ करायची. मग आजी काय करते? सोयीसाठी गोळ्या पाकिटातून काढून एका डबीत भरते. डबी स्वयंपाकघरात, चुलीच्या किंवा गॅसच्या वरच्या फळीवर. बाहेर कोकणातला पाऊस, भिंतींना ओल, मीठसुद्धा पाणी धरतंय. त्या गोळीचं काय होत असेल?

हा प्रश्न साध्या कॉलेजच्या लॅबमध्ये तपासता येतो. रक्त पातळ ठेवायला देतात ती अ‍ॅस्पिरिन ओल लागली की हळूहळू फुटते. तिचे दोन तुकडे होतात, सॅलिसिलिक अ‍ॅसिड आणि अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड म्हणजेच व्हिनेगरमधलं आम्ल. म्हणून बिघडलेल्या अ‍ॅस्पिरिनच्या बाटलीला आंबूस वास येतो. आणि सॅलिसिलिक अ‍ॅसिड आहे की नाही, हे फेरिक क्लोराइडच्या थेंबाने कळतं. असेल तर जांभळा रंग येतो. बारावीला केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये ही टेस्ट अनेकांनी केलेली आहे!

मग असं करा. एकाच बॅचच्या गोळ्या घ्या. काही पाकिटातच ठेवा, काही उघड्या डबीत स्वयंपाकघरात, काही घट्ट झाकणाच्या बरणीत. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी तपासा, रंग किती गडद होतो त्याची नोंद ठेवा. सर मदतीला असतील आणि लॅबमध्ये कलरीमीटर असेल तर आकडेही मिळतील. खर्च एका पिझ्झ्याएवढा. आणि उत्तर काहीही आलं तरी ते तुमच्या आजीच्या कामाचं. फरक पडला तर डबी बदला, नाही पडला तर तिला निर्धास्त करा.

असे विषय आपल्या आजूबाजूला पडलेत. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचा धोका म्हणून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या जातात. त्या खरंच घेतल्या जातात की चिखलाच्या हाताने कोनाड्यात ठेवल्या जातात? इन्सुलिन दोन ते आठ डिग्रीत ठेवायचं असतं, मग वादळात दोन-दोन दिवस लाइट गेल्यावर ते कुठे ठेवतात? स्ट्रिपवरची एक्सपायरी साठीच्या पुढच्या किती जणांना वाचता येते? कुंपणाला लावलेल्या अडुळशातल्या व्हॅसिसीनवरून खोकल्याचं ब्रोमहेक्झिन हे औषध तयार झालं, मग घरी उकळलेल्या काढ्यात ते व्हॅसिसीन कितपत उतरतं?

एक सावधगिरी मात्र हवी. माणसांना त्यांच्या आजाराबद्दल, औषधाबद्दल विचारणार असाल तर आधी कॉलेजच्या नीतिमत्ता समितीची परवानगी घ्यावी लागते. समोरच्याची संमतीही घ्यायची, तीही त्याला कळेल अशा मराठीत. आणि ‘ही गोळी बंद करा’ असा सल्ला द्यायचा नाही. आपण प्रश्न विचारायला गेलेलो असतो, प्रिस्क्रिप्शन बदलायला नाही.

पोस्टरसमोर पाय लटपटतात तेव्हा

इंग्रजी! गावाकडच्या मुलांची खरी धडधड विषयाची नसतेच. शहरातल्या कॉलेजची मुलं कोटात येतात, ‘सो बेसिकली’ने सुरुवात करतात आणि आपण आपल्याच पोस्टरच्या आड लपतो. पण परीक्षक नेमकं काय विचारतात ते बघा. हाच विषय का घेतला? सॅम्पल किती? तेवढेच का? तुलनेला काय ठेवलं? हा आकडा चुकीचा असू शकतो का? पुन्हा केलं तर काय बदलाल?

यातला एकही प्रश्न इंग्रजीचा नाही. काम स्वतः केलं असेल तर उत्तर येतंच, तुटक्या वाक्यात का होईना. काम विकत घेतलं असेल तर फाड फाड इंग्रजीही तिसऱ्या प्रश्नाला दम टाकते. आणि एक सोपी तयारी. पोस्टर आधी घरच्यांना मराठीत समजावून सांगा. आईने मध्येच ‘पण म्हणजे नक्की काय?’ असं विचारलं, की समजा तुमच्या पोस्टरची कच्ची जागा सापडली.

‘माहीत नाही’ हेही उत्तर चालतं, पण त्याला शेपूट हवं. ‘माहीत नाही, पण कळून घ्यायला मी अमुक करेन.’ हे वाक्य पाठ करून ठेवा. नंतर इंटरव्ह्यूलाही कामाला येतं.

सर्टिफिकेटचा बाजार

आता थोडं कडू. सर्टिफिकेट लागतं, हे खरं आहे. अ‍ॅडमिशनला, नोकरीला, फाइल जाड दिसायला. त्यामुळे त्याचा बाजारही उभा राहिलाय. ‘पैसे भरा, तीन दिवसांत पेपर पब्लिश’ असे मेल तुमच्याही इनबॉक्समध्ये आले असतील. नावात ‘इंटरनॅशनल’, पानभर स्पेलिंगच्या चुका आणि तपासणी शून्य. चांगल्या जर्नलमध्ये निबंध दुसऱ्या तज्ज्ञांकडे जातो, ते चुका काढतात, परत पाठवतात, महिने जातात. तीन दिवसांत होतं ते छापणं, तपासणं नव्हे.

यात फक्त तुमचे पैसे जातात असं नाही. औषधाबद्दलचा न तपासलेला निष्कर्ष छापून आला, की तो कुणीतरी पुढे वापरतो. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘संशोधनात सिद्ध झालंय’ म्हणून फिरतो आणि शेवटी कुणाच्यातरी घरातली शुगरची गोळी बंद होऊन तिच्या जागी काढा सुरू होतो. ‘एवढं काय, पोरांचा तर प्रोजेक्ट आहे’ असं म्हणून सोडून देता येत नाही ते यासाठी.

त्यापेक्षा कॉलेजच्या आवारातलं एक प्रामाणिक पोस्टर बरं. ‘आम्हाला फरक आढळला नाही’ असं लिहिलेलं पोस्टरसुद्धा. बक्षीस कदाचित नाही मिळणार. पण ते खरं असेल.

फार्मसी वीकला नमन होऊन जाऊ दे

रॅली, घोषणा, बॅनर, फोटो हे दरवर्षीचं झालं. रस्त्यावरचा माणूस बाजूला होऊन रॅलीला वाट देतो आणि आपल्या कामाला लागतो. जिल्ह्यात नमन आणि जाखडी असताना आपण पथनाट्य मात्र टीव्हीवरच्या जाहिरातीसारखं का करायचं? नमनाची गवळण आणि वग घ्या आणि एसटी स्टँडवर उभे राहा. मावशी तापाच्या दोन गोळ्या घेऊन बरी होते आणि उरलेल्या अँटिबायोटिक शेजारणीला देते, पेंद्या मेडिकलवाल्याकडे जाऊन ‘मागच्या टायमाची ती लाल-पिवळी कॅप्सूल द्या’ म्हणतो. आपल्या बोलीत हे ऐकलं की माणूस थांबतो, हसतो आणि घरी जाऊन सांगतो.

त्या हसण्यात दोन-तीन खऱ्या गोष्टी पेरता येतात. स्ट्रिपवर लाल उभी रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. ही रेघ ओळखायची मोहीम केंद्र सरकारने २०१६ मध्ये सुरू केली. काही जास्त ताकदीची अँटिबायोटिक आणि टीबीची औषधं २०१४ पासून ‘शेड्युल एच वन’मध्ये आहेत. ती विकताना दुकानदाराला डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. त्यामुळे उद्या मेडिकलवाल्या दादाने नाव विचारलं तर चिडू नका, तो त्याचं काम करतोय.

आणि तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. औषधाचा त्रास झाला तर तो कळवता येतो, हे आपल्याला माहीतच नसतं. १९६१ मध्ये विल्यम मॅकब्राइड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने ‘लॅन्सेट’ला काही ओळींचं पत्र लिहिलं. थॅलिडोमाइड घेतलेल्या बायकांच्या बाळांना व्यंग दिसतंय, इतर कुणाला असं आढळलं का? फक्त एवढंच. तोपर्यंत जगभरात हजारो बाळांना त्या गोळीने अपंग केलं होतं. त्यातून औषधांवर बाजारात आल्यानंतरही नजर ठेवायची पद्धत सुरू झाली. भारतात ‘फार्माकोव्हिजिलन्स’चा हा कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. त्याची टोल-फ्री हेल्पलाइन आहे १८००-१८०-३०२४. पेशंट स्वतः कळवू शकतो आणि त्यासाठीचा फॉर्म मराठीतही आहे.

फार्मसी वीकमध्ये तुमच्या कॉलेजने गावातल्या प्रत्येक मेडिकलच्या काउंटरवर हा नंबर मोठ्या मराठी अक्षरांत चिकटवला, तरी तो आठवडा सार्थकी लागला म्हणायचं. मॅकब्राइडने जो प्रश्न विचारला, तो विचारायची सोय आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक आजीपर्यंत पोचेल.

चौकट : पहिल्यांदाच जाताय? मग हे करून बघा

• सेमिनारच्या आदल्या दिवशी वक्त्याचा विषय दहा मिनिटं वाचा. एक प्रश्न मराठीत लिहा. आयत्या वेळी धीर झाला नाही तर समोसा खाताना विचारा. पाहुणेही तिथे मोकळे असतात.

• फार्मसीला नसाल तरी ‘आविष्कार’चे इतर विभाग आहेत. आपल्या कॉलेजमधल्या समन्वयक सरांना किंवा मॅडमना ऑगस्टच्या आसपासच गाठा. जाहिरात लागेपर्यंत थांबलात तर प्रयोगाला वेळ उरत नाही.

• नोंदवही एकच ठेवा, तारखेसकट. फसलेला प्रयोगही लिहा, खाडाखोड तशीच राहू द्या.

• पैसे मागणाऱ्या कुठल्याही जर्नलला उत्तर देण्याआधी सरांना दाखवा.

• घरातला औषधांचा डबा या रविवारी उघडा. एक्सपायरी बघा, पाकिटातून काढून ठेवलेल्या गोळ्या कुणाच्या आणि कशाच्या ते विचारा. ओळख पटली नाही तर ती गोळी कुणीही घेऊ नये. ती डबी तशीच जवळच्या फार्मासिस्टकडे न्या आणि ‘हे नक्की काय आहे?’ असं विचारा.